महाधडक, राजकन्येचं लग्न आणि आमच्या आईचा मुक्काम

राजवाडा, इस्त्रीखाना
४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघा अगदी बरा आहे असं लिहितेस, पण ओळी सगळ्या उताराला लागल्यात. म्हणजे उभ्याने लिहिलंस, खाली बसवत नाहीये. मला नको शिकवूस.

इथे राजकन्येच्या लग्नाची धांदल आहे आणि इस्त्रीखान्याची मुख्य म्हणून सगळं माझ्या बोकांडी बसलंय. मेजावरच्या चादरी एवढ्या लांब की या टोकाला इस्त्री करावी तोवर त्या टोकाला मांजराने ताणून दिलेली. त्यात नवऱ्या मुलाला घाम फार. दिवसाला सहा सदरे बदलतो आणि सहाही माझ्याकडे.

आता मुद्द्याचं. तू जिन्यावरून पडलीस तेव्हापासून सांगतेय, एकटी राहू नकोस. माझ्या शेजारची खोली मी मागून घेतली आहे. भिंतीपलीकडे बंब असल्यामुळे तुझ्या गुडघ्याला आयता शेक मिळेल. पलंगही आणून टाकला. तुझे चिरंजीव मात्र म्हणतात, आई माझ्याकडेच येणार. मी त्याच्याशी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा तूच कळव त्याला, की जगाला सांभाळतोस तेवढं पुरे, आईला मी बघीन. लग्नाच्या बंदोबस्ताला त्यालाच पाठवताहेत म्हणे. येईना का. मी ओळख दाखवणार नाही.

लोभ आहेच. त्यातला मोठा वाटा थोरलीकडे असू द्यावा.

तुझी,
ठकू


राजवाडा, गच्ची
९ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बनियन घातलं होतं. उडताना ढगातून यावं लागलं तरी एकही शिंक नाही. वाटेत एक बस दरीत जाता जाता धरली. आतल्या आजोबांनी आभार मानायचे सोडून बस उशिरा पोचणार म्हणून मलाच फैलावर घेतलं.

मी दिसलो की खाली लोक महाधडक, महाधडक असा गजर करतात. तेवढ्यात ताई इस्त्रीखान्याच्या खिडकीतून माझ्या पाठीवरच्या झुलीकडे बघते. झूल हा तिचाच शब्द, लहानपणापासूनचा. प्रवासात ती चुरगळली हे खरं आहे. पण मरेन, तिच्याकडे इस्त्रीला देणार नाही. काल गादीखाली घालून झोपलो, तर सकाळी त्यावर गादीच्या बटणांचेही वळ उमटले. ती बघून हसली. बोलत नाही, आणि हसते.

तर आई, तू माझ्याकडे यायचं नक्की करून टाक. घर बत्तिसाव्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट थेट दारात थांबते, जिना म्हणून दृष्टीस पडायचा नाही. सामानाची काळजी नको. कपाट आतल्या कपड्यांसकट एका हातात आणीन. फक्त कधी निघतेस ते लिही.

धाकट्यावर लोभ असतोच, तो तसाच वाढता ठेवावा.

तुझा,
गब्दू


१२ मार्च

चि. ठकू आणि चि. गब्दू यांस,
अनेक आशीर्वाद.

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. एकाने वाचून दुसऱ्याच्या हातात द्यावं, दाराखालून सरकवू नये.

तुमचा बंब कळला, लिफ्टही कळली. माझंही एक म्हणणं आहे, पण तुम्ही दोघं इतकं धडाधड लिहिता की मला मध्ये शिरायला फट सापडत नाही. लग्न पार पडू दे, मग बोलू. जिन्याला कठडा बसवायला सुतार आलाय, त्याच्याकडे बघायचंय.

जपून राहा, आणि एकमेकांना जपलंत तर मला जास्त आवडेल.

तुमची,
आई


राजवाडा, इस्त्रीखाना
१६ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वर्तमानपत्रात आलंय त्यातल्या अर्ध्या थापा आहेत. खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

काल नवरा-नवरी समोरासमोर उभे राहिले आणि छत फोडून दोन यानं आत उतरली. एकातून लांबकाने निघाले, दुसऱ्यातून आखूडकाने. दोघंही एकाच परग्रहावरचे, अंगाने खळीसारखे लिबलिबीत. गळ्यात डबी अडकवलेली, ती त्यांचं बोलणं आपल्या भाषेत करून सांगते. आल्या आल्या भांडायला लागले. कशावरून, तर तीन पिढ्यांमागे कुठल्याशा लग्नात लांबकान्यांना आधी जेवायला बोलावलं आणि आखूडकान्यांना नंतर. क्षणभर मला वाटलं, आपल्या आत्याकडचीच मंडळी आली.

त्यांच्याकडे रीतच अशी आहे की भांडण मांडायचं ते लग्नातच, कारण सगळे साक्षीदार तिथेच जमतात. निवाडा नवरीने करायचा. पण या भांडणापासून त्यांच्याकडे एक सोयरीक जुळेल तर शपथ. मग लग्न आणायचं कुठून? म्हणून बिचारे भांडायला दुसऱ्याचं लग्न शोधत हिंडताहेत.

हे कळायच्या आधीच तुझ्या मुलाने गच्चीवरून उडी टाकून लांबकान्यांच्या म्होरक्याला एक धडक दिली. हात कोपरापर्यंत त्याच्या पोटात रुतला आणि निघेना. नवरा मुलगा मेजाखाली शिरला, माझ्या चादरीचं पार मातेरं केलं. म्होरक्या मात्र शांत होता. म्हणाला, भांडणात जो हात घालतो त्याने आधी स्वतःचं भांडण मांडायचं, ही आमची दुसरी रीत. तुझ्यावर रुसलेलं इथे कोण आहे? गब्दू म्हणाला, कोणी नाही. मी दारात उभी होते. माझा हात वर गेला, इस्त्रीसकट.

राजकन्या पायरीवर बसली, मुकुट काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, बोला. मी बोलले. तो मध्येच तोंड उघडायला गेला तर आखूडकान्यांनी त्याला दटावलं, की समोरच्याचं संपेस्तोवर ऐकायचं. मग त्याची पाळी आली आणि मला गप्प बसावं लागलं. आई, मी त्याचं बोलणं आजवर कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. तू पडलीस तेव्हा तो एक फुटकं धरण पाठीने थोपवून उभा होता. अख्खं गाव वाचवलं आणि माझी आई जिन्यात पडून राहिली, असं म्हणून तो भर दरबारात हुंदके देऊन रडला. मला वाटायचं, त्याला तू मिरवायला हवी आहेस. माझाही धीर सुटला, आणि म्होरक्याच्या पोटातून त्याचा हातही आपसूक सुटला.

राजकन्येने दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, आईचं काय म्हणणं आहे? मी गब्दूकडे बोट दाखवलं, त्याने माझ्याकडे. ती म्हणाली, मग मी काय निवाडा करू, कपाळ?

पाहुण्यांचा निवाडा तिने चटकन केला. आता सगळ्यांनी एकदमच जेवायला बसा म्हणाली. तीन पिढ्यांत हे कोणाला सुचलं नव्हतं. बसले, दोनदा वाढून घेतलं, आणि जाता जाता म्हणाले, तुमच्या आईला आम्हीच विचारून येतो.

इस्त्री तापली आहे, उरलेली माया पुढच्या टपालाने.

तुझी,
ठकू

ता. क. : आई, हे मी लिहितोय, गब्दू. पाहुणे उद्यापरवा पोचतील. दाराची दोन्ही कवाडं उघड, कान अडकतात. ताईने झुलीला इतकी खळ घातलीय की मला बसता येत नाही.


१९ मार्च

चि. ठकू आणि चि. गब्दू यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचे पाहुणे आले. एक लांबकाना, एक आखूडकाना. खुर्च्या ओल्या झाल्या, पण माणसं वळणाची आहेत, आल्यावर आधी पाय पुसले. मग मला विचारलं, बाई, तुम्हाला कुठे राहायचंय?

गॅसवर दूध उतू चाललं तरी मी तशीच उभी. पडल्यापासून डॉक्टरांनी विचारलं कुठे दुखतंय, शेजारणीने विचारलं कोण नेणार, तुम्ही विचारलंत कधी निघणार. कुठे राहायचंय हे विचारायला दुसऱ्या ग्रहावरून कोणीतरी यावं लागलं. वाईट वाटलं रे, खोटं कशाला सांगू. डोळ्यांना पाणी आलं. लांबकान्याने पुसायला कान पुढे केला.

तर आता संपेस्तोवर ऐका. मला इथेच राहायचंय. पडले ते माझ्या घरच्या जिन्यावरून पडले, दुसऱ्याच्या घरात नीट चालायची मला हौस नाही. पलंग मी खालच्या खोलीत आणवलाय. वरची खोली तुमची, दोघांची.

हे दोघं मला त्यांच्या ग्रहावर घेऊन जायचं म्हणताहेत. एका लांबकानीचं एका आखूडकान्याशी ठरलंय, आणि वडीलधारं म्हणून दोन्हीकडून मीच हवी आहे. तिकडे गुडघ्यावर वजनच पडत नाही म्हणे. म्हटलं जाऊन येते. मला कोणी कुठे नेऊन ठेवत नाहीये, बोलावलंय म्हणून चालले आहे.

परत आले की कळवीन. तेव्हा या, पण एकदम या. एकट्यादुकट्याने आलात तर कडी काढायची नाही मी, मग बाहेर साक्षात महाधडक का उभा असेना.

येताना लोभ घेऊन या, बाकी घरात सगळं आहे.

तुमची,
आई