पाठमोऱ्या बाईचं संगीत

रविवार, ११ ऑक्टोबर, सकाळी

प्रिय मावशी,

तुला आणि काकांना नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत. हिची दाढ एकदाची काढली. दोन दिवस घरात जी शांतता होती ती मी मनसोक्त उपभोगली, असा तिचा आरोप आहे. घराला रंग देऊन झाला, पण स्वयंपाकघराचा रंग कोणालाच आवडलेला नाही आणि तो मीच निवडला होता, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

(काका, हे पत्र तुम्ही तिला मोठ्यानं वाचून दाखवणार. मधली वाक्यं गाळायची तुमची सवय मला ठाऊक आहे. या खेपेला नको.)

गुरुवारी तुला घरी सोडताना खूप बोलायचं होतं. बोललो काय, तर "पायरी ओली आहे, जपून." म्हणून हे पत्र.

सिनेमाला येते म्हणालीस तेव्हा मी हबकलोच होतो. अख्खं आयुष्य तू संकलनाच्या टेबलापाशी काढलंस. कितीतरी दिग्दर्शकांचे लांबलचक सिनेमे कापून माणसांत आणलेस. माझं पहिलं पार्श्वसंगीत ऐकून तू म्हणाली होतीस, "बाई रडतेय ते दिसतंय ना मला? मग तू कशाला वर गळा काढतोस?" त्या एका वाक्यावर मी आजवर पोट भरत आलोय. पण आता पडद्यासमोर बसून तू काय करणार, हे विचारायची छाती कोणाचीच नव्हती. काका चहाचा कप अलगद तुझ्या हातात देतात, मी "बघ" म्हणता म्हणता "ऐक" म्हणतो, आणि आपण सगळे काही झालंच नाही असं वागतो.

आणखी एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती. हा माझा शेवटचा सिनेमा असं मी ठरवून टाकलं होतं. माझा तो वाद्यवृंदवाला मित्र, ज्याला तू "ताठमान्या" म्हणतेस, तो कधीचा मागे लागलाय. "आता तरी स्वतःचं काही कर. सभागृहात लोक तुला ऐकायला येतील. सिनेमात तू कोण? संवादांखाली अंथरलेली सतरंजी." मी हसलो, पण लागलं. त्यात माझ्या सगळ्यात लाडक्या तुकड्यावर दिग्दर्शकानं पाण्याच्या पंपाची घरघर चढवलेली. म्हटलं, पुरे झालं. ताठमान्याला होकार कळवून टाकला.

तर गुरुवारी दिवे मालवले आणि ठरल्याप्रमाणे मी तुझ्या कानाशी लागलो. "शिंप्याचं घर आहे. त्याची बायको मशीनवर बसलीये, उजवीकडे खिडकी..." तू कोपरानं ढोसलंस. "गप्प बस रे. कळतंय मला."

त्यानंतर मी सिनेमा बघितलाच नाही. तुझ्या तोंडाकडे बघत बसलो.

नवरा तुरुंगातून सुटून येतो तो प्रसंग आला. त्यात त्या बाईचा चेहरा दाखवलेलाच नाही. कॅमेरा तिच्या पाठीशी. मशीन चालू आहे, दाराबाहेर पावलं थांबतात. तिथे मी एकटा चेलो ठेवलाय. तो एका सुराकडे चढत जातो आणि पोचायच्या आधीच थांबतो. मशीन चालतच राहतं.

तू माझं मनगट धरलंस. "उठली नाही ना ती?"

"नाही."

"पण उठायचं होतं तिला. फार उठायचं होतं."

मावशी, हे पडद्यावर नव्हतं गं! कोणी बोललंही नव्हतं. शेजारच्या खुर्चीतल्या बाई नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या, पण त्यांना तरी काय दिसलं होतं? एक पाठ. त्या घटकेला सगळं थिएटर तुझ्याइतकंच बघत होतं. ताठमान्याच्या सभागृहात लोक माझा चेलो ऐकतील, वाहवाही करतील. इथे चेलो कोणी ऐकलाच नाही. सगळ्यांनी ती बाई ओळखली. याहून "स्वतःचं" काम मी आणखी कुठे करायचं?

फुगायला मात्र तू वेळ दिला नाहीस. नदीकाठचा प्रसंग संपताच म्हणालीस, "हा नट कच्चा आहे का रे? तुझी व्हायोलिनं त्याच्या वाटणीचं रडतायत." कच्चाच आहे. दिग्दर्शकानं माझे हात धरून सांगितलं होतं, एवढं सांभाळून घ्या. मला वाटलं होतं, कोणाला पत्ता लागणार नाही. लागला तो तुला!

आणि मग बाहेर, रिक्षाची वाट बघताना, तू स्वतःहून माझा दंड धरलास आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणालीस, "आता उजेडही कळत नाही बरं का. तुझ्या काकांना वाटतं, थोडा कळतो. पण आज बऱ्याच दिवसांनी मला कोणाला विचारावं लागलं नाही, काय चाललंय म्हणून."

मी रिक्षाला हात केला. तुझ्या दारात पोचल्यावर ती ओली पायरी मदतीला धावून आली.

(काका, हे तुमच्याच आवाजात तिच्यासमोर वाचलं जावं, असं मला वाटलं. चुकलो असेन तर दोघांनी मिळून माझा कान धरा. पण एकमेकांसाठी नाटक करणं आता दोघांनीही थांबवा.)

ताठमान्याला काल सांगितलं, तुझ्यासाठी लिहीन, जरूर लिहीन, पण सिनेमा सोडणार नाही. तो म्हणाला, "फुकट जाशील." म्हटलं, जाऊ दे.

नवा सिनेमा घेतलाय. संगीताआधीची कच्ची जोडणी परवा हातात आली. माझं एक काम आहे, आणि हे मी तुझ्या समाधानासाठी सांगत नाहीये, मला खरंच अडलंय. तू स्टुडिओत ये. मी वाजवत जातो, तू सांगत जा, काय दिसलं आणि कुठे मी खोटं बोललो. दिग्दर्शिकेशी बोललोय. तिनं एवढंच विचारलं, "बाई कडक आहेत का?" म्हटलं, फार.

बुधवारी सकाळी घ्यायला येतो. तयार राहा.

जे काही येतं ते तुझ्यामुळे, आणि गुरुवारी जे कळलं तेही तुझ्यामुळेच.

तुझा,
अजून शिकत असलेला भाचा