मंगळावरचा वायदा

४ मार्च
केलं बाई एकदाचं! मंगळाभोवती एक यान फिरतंय. त्याच्या कॅमेऱ्याने कुठला फोटो काढावा, हे म्हणे कुणीही सुचवावं. लेकीने फोनवर नकाशा काढून दिला. मी निवडला उत्तर ध्रुवाजवळचा एक कडा. का? तर तिथे सध्या रात्र आहे, महिनोन्‌महिने चालणारी!

याला कारण ड्रायव्हर. तेरा नंबरच्या बसचा. लायसनसाठी डोळे तपासायला आमच्या चष्म्याच्या दुकानात आला, तो येतच राहिला. तोही एकटा, हे गेल्यापासून मीही एकटी. परवा काउंटरपाशी सरळ विचारलंन, "माझ्याशी लग्न कराल?" मी पार गांगरले. मनात हो आहे गं, पण या वयात लोक काय म्हणतील! समोर लेकीने पाठवलेला मंगळ उघडा होता, म्हणून तोंडात तेच आलं — मी एक जागा सुचवणार आहे, तिचा फोटो आला की सांगते. चालेल म्हणाला.

९ मार्च
झोप छान लागतेय. भिजत घोंगडं ठेवायचं तर असं, थेट दुसऱ्या ग्रहावर!

२ एप्रिल
अरे देवा! जास्त लोकांनी मागितलेली जागा आधी घेतात, असं कुणीतरी ड्रायव्हरच्या डोक्यात भरवलं. झालं! कंडक्टर, डेपोतले मेकॅनिक, रोजचे प्रवासी — सगळ्यांना त्याने माझाच कडा सुचवायला लावलाय. आज एक बाई फ्रेमचा स्क्रू घट्ट करायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, तुमच्या कड्याचं मीही टाकलंय हो. माझे कान तापले.

लेक म्हणते, "आई, सगळ्यांना कळलंय. आता घाबरतेस कुणाला?" खरंच की! कळलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

३ एप्रिल
तरी रात्र ती रात्र. सूर्य थोडाच डेपोचं ऐकतो!

१९ मे
उगवला! ध्रुवावर सूर्य उगवला! दुकानासमोरच्या स्टॉपवर बस थांबवून त्याने खिडकीतूनच सांगितलं. मागचे प्रवासी टाळ्या वाजवत होते. मला धडकी भरायला हवी होती, तर मीच दिवसभर फोन बघतेय. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. मालक म्हणाले, तुमचेच डोळे तपासायला हवेत.

६ जून
फोटो आला. नुसती धूळ! कडा नाही, सावली नाही, काही म्हणजे काही नाही. एवढा राग आला की रडूच फुटलं.

दुपारी तो आला. डोळे तपासायच्या खोलीत अक्षरांच्या तक्त्यावर फोटो लावला, त्याला खुर्चीत बसवलं. त्याने आधी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. मोठा प्रामाणिक माणूस!

"काही दिसत नाही," म्हणाला. "हा धरायचा नाही. तिथला उजेडाचा हंगाम असाच धुळीत गेला तर पुढचा दोनेक वर्षांनी. तुम्ही मोकळ्या. मी थांबतो."

आणि बसची वेळ झाली म्हणून गेला.

मोकळी! नाचायला हवं होतं. त्याच खुर्चीत किती वेळ बसून राहिले.

७ जून
पहिली बस सुटायच्या आत डेपोत गाठलं. सगळ्यांदेखत सांगितलं — दोन वर्षं मी थांबणार नाही, याच महिन्यात करू. तेरा नंबर आज उशिरा सुटली.