सरांचा मरीन अधिकारी

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्या त्या इंग्रज मरीन अधिकाऱ्यावरचं माझं पुस्तक पुढच्या महिन्यात येतंय. एकोणिसाव्या शतकातल्या लढाऊ जहाजांवरचा हा सैनिक पोरवयात भरती झाला, एक हात गमावून बसला, कर्नल होऊन निवृत्त झाला. तुम्ही त्याला तीस वर्षं दिलीत. मलायाच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव चाच्यांचं समजून जाळायचा हुकूम त्याने मोडला, ही तुमच्या ग्रंथातली सगळ्यात लाडकी गोष्ट. मी प्रबंधात एवढंच विचारलं होतं, की हुकूम मोडणाऱ्याला लगेच बढती कशी मिळाली? पुण्यात, अख्ख्या विभागासमोर, तुम्ही माझं प्रकरण उभं फाडलंत. "तुझी उडी नोट्स उतरवण्यापुरतीच. लग्न कर, सुखी होशील." मी फरशीवरचे तुकडे गोळा करतेय आणि तुम्ही घड्याळाकडे बघताय.

पुढे पोस्टडॉकसाठी सिंगापूरला आले. दुसऱ्या वर्षी इथल्या एका ग्रंथालयात त्याने बहिणीला लिहिलेलं पत्र सापडलं. गाव त्यानेच जाळलं होतं, झोपड्यांत माणसं असताना. त्याच आठवड्यात तुमच्या घरून काकूंचा फोन आला. "सरांचं अंग लुळं पडलंय गं. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. तू येऊन गेलीस तर बरं वाटेल त्यांना." इथल्या क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटवर मी बॅग भरली. पत्राची प्रत सगळ्यात वर ठेवली.

पुण्यात तुमच्या घरी, काकू चहा टाकायला आत गेल्या तशी मी खुर्ची तुमच्या कानाशी ओढली आणि वाचू लागले, सावकाश, शब्द न् शब्द. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "ऐकताय ना, सर?" मी थांबले. तुम्ही डोळे उघडल्यावरच पुढचं वाचलं. तुमचा चालता हात चादर चिवडत होता. काकू कप घेऊन आल्या. "अगंबाई, रडतायत! बघ, किती आनंद झाला." मी चहा प्यायले. वरून साखरही मागून घेतली. नवव्या दिवशी तुम्ही गेलात.

हे लिहिलेलं काकूंच्या पत्त्यावर टाकता येईल, त्या अजून आहेत. टाकणार नाही. त्या पत्राला आणखी एक पान होतं, सर. आधी त्याने हुकूम खरंच नाकारला होता. दोन दिवस जहाजाच्या तळाशी कोंडल्यावर तो नमला. म्हणजे तुम्ही अर्धे बरोबर होतात. पुस्तकात मी ते पान पूर्ण छापलंय. त्या दिवशी ते माझ्या हातातच होतं.