अक्रोडी डावा हात

चि. धाकट्यास दादाचा आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. तुझा गुडघा बरा असेल, नसला तर बसून वाच. मी चौथीत पळालेला, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

तुझा मुलगा पहिला आला. (ही बातमी शेवटी सांगायची असते म्हणे, पण मला दम निघत नाही.)

तीन वर्षांपूर्वी तू लावून दिलेली हापिसातली नोकरी आठव्या दिवशी सोडून काडी माझ्याकडे आला (तुम्ही अजून काडीच म्हणता का? आता तो दारातून आडवा होऊन आत येतो) आणि तू म्हणालास, शरीरसौष्ठवाची स्पर्धा जिंकल्याशिवाय माझा उंबरा ओलांडायचा नाही. तेव्हापासून पोरगं माझ्या फर्निचरच्या कारखान्याच्या माळ्यावर. सकाळी व्यायामशाळा, दुपारी माझी कपाटं एकट्यानं उचलायची, मधे चौदा उकडलेली अंडी, बिनमिठाची. मी एक खाऊन पाहिलं, दुसरं मागितलं नाही. पहिल्या वर्षी सहावा, मग चौथा. यंदा म्हणाला, "काका, या खेपेला नाही जमलं तर बाबांच्या हापिसात जाऊन फायली उचलतो."

म्हणून परवा स्पर्धेला मी स्वतः गेलो. स्टेजमागे हा चड्डीवर उभा, डोळे मिटलेले, अंगभर तपकिरी रंग. मला वाटलं, निघताना आपल्या ओल्या पॉलिशच्या कपाटाला घासला. (कारखान्यात रोजचंच आहे.) विचारत काय बसायचं? खिशातलं फडकं ओलं केलं आणि डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत लख्ख पुसून काढला. त्याला वाटलं कोणी मालिश करतंय, त्यानं हात आणखी सैल सोडला. तेवढ्यात त्याचा मास्तर किंचाळला. स्नायू उठून दिसावेत म्हणून तो रंग मुद्दाम फासतात, हे मला कोण सांगणार? आणि बाटली रिकामी. मधे फक्त तीन गडी, मग हाच.

काडीनं त्या पांढऱ्या हाताकडे पाहिलं. "जाऊ दे काका. फायली तर फायली."

ते मला लागलं. चाळीस वर्षं साध्या लाकडाला अक्रोड करून विकतोय, एका हातानं हरायचं? पिशवीत अक्रोडी रंगाची पुडी होतीच. मास्तरचं तेल घेतलं, तळहातावर कालवलं, दोन थर दिले, खांद्याजवळचा जोड बोटानं मिटवला. मास्तर म्हणे, "आजोबा, गडद झालाय." म्हटलं, दिव्याखाली उतरतो, तू गप्प उभा राहा. अरे, काय उतरला! तो हात असा काही उठला की एका परीक्षकानं चष्मा पुसून पुन्हा घातला. मला असला आरडाओरडा आवडत नाही. मी खुर्चीवर चढलो ते पुढचा उभा राहिला म्हणून, आणि शिट्टी आपोआप वाजली.

त्याच्या आईला सांग, पोरगं व्यवस्थित आहे.

तुझा दादा

ता. क. रविवारी सकाळी त्याला घेऊन येतोय. तूच बोलावलंस असं त्याला सांगून बसलोय, मला तोंडघशी पाडू नकोस.

आणखी एक. बक्षिसाच्या ढालीचं पॉलिश भिकार होतं, मी खरवडून नवीन केलंय. त्यात वर्ष पुसलं गेलं, तेव्हा कुठल्या सालची म्हणून विचारू नकोस.

शेवटचं. डाव्या हाताचा रंग अजून जात नाही, मात्र हात ज्याला लागेल त्याला रंग लागतो. त्याला जवळ घेशील तेव्हा जुना सदरा घाल.