हळद-कुंकवाचे कॉम्प्युटर

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज कॉम्प्युटरची खोली उघडली. पूजेला! वर्षातून एवढाच दिवस. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ — विळ्या-कोयत्याला करतो तसंच सगळं. आम्ही बारावीच्या मुली रांगेत, हात जोडून. मी माऊसला नुसतं बोट लावलं तर बाळासाहेब सर — आमचे कॉम्प्युटरचे सर — खेकसले, "मोहिनी, हात नाय लावायचा. बिघडलं तर कोन भरणार?"

आणि नर्सिंगची प्रवेश परीक्षा मेमध्ये. पुण्यात. कॉम्प्युटरवर! मला नर्स व्हायचंय. डिंभ्याच्या पुढे आमच्या वाडीत साधं सलाईन लावायला कोणी नाही. नुसतं पाया पडून माऊस येत असता तर मी जिल्ह्यात पहिली आले असते.

६ ऑक्टोबर

सरांचा तास. फळ्यावर माऊस काढला, शेपटीसकट. "आकृती काढा, भागांना नावं द्या." दिली. माझी आकृती सगळ्यात सुबक, म्हणून वही वर्गात फिरवली. डोकं असं सणकलं! फळ्यावर विहीर काढून पोहायला शिकवतं का कोणी?

१७ नोव्हेंबर

हेडमास्तरांकडे गेले, एकटी. म्हटलं, आठवड्यातून एक तास तरी खोली उघडा. त्यांनी ऐकून घेतलं, चहा प्यायले, "बघू" म्हणाले. संध्याकाळी दादांना निरोप — तुमच्या पोरीला आवरा.

दादा रागावले नाहीत, तेच जास्त झोंबलं. "सरांच्या तोंडाला लागू नये बाई. त्यांना काय कळत नसंल व्हय?" आई भात झोडत होती, तिनं मानही वर केली नाही. कोणालाच काही वाटत नाही!

१८ नोव्हेंबर

काल रागाने जेवले नाही. आज सकाळी एक भाकरी जास्त खाल्ली. राग आहे तसाच.

३ डिसेंबर

एसटीने घोडेगावला गेले. कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस म्हणाला, "ताई, हितं फॉर्म भरून मिळत्यात. शिकवायला कुनाला टाईम हाय?" मग माझा परीक्षेचा फॉर्म त्यानेच भरला. फॉर्म माझा, आणि पडद्याचं तोंड त्याच्याकडे. मी आपली आधार कार्ड धरून उभी.

२४ जानेवारी

निरोप समारंभ. संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते सगळ्यांना संगणक प्रावीण्याचं प्रमाणपत्र. मला श्रेणी अ. माझ्या बाकावरच्या आरतीलाही अ — तिने तर आकृतीही काढली नव्हती. वर टाळ्या! घरी येऊन फाडणारच होते. आईने हातातून काढून घेतलं आणि देवांच्या तसबिरींशेजारी लावलं.

८ मे

पुण्याहून आले. लिहवत नाही.

९ मे

लिहितेच. पेपर सोपा होता! बायोलॉजी सगळी येत होती. मोबाईलसारखं पडद्यावर बोट लावलं, तर काहीच हलेना. शेजारचा मुलगा हसला. पर्यवेक्षक मॅडम म्हणाल्या, "अगं, माऊस घे." घेतला — बाण भलतीकडेच पळतोय. कसाबसा उत्तरावर न्यायचा, गोल काळा झाला की पुढच्या प्रश्नाचा आकडा दाबायचा. मला वाटलं, झालं. प्रत्येक उत्तरानंतर 'सेव्ह' दाबायचं असतं म्हणे. शेवटी पडद्यावर हिशेब आला. जवळजवळ सगळं कोरं.

येत असून कोरं! मॅडमना म्हटलं, मला ही उत्तरं तोंडपाठ आहेत, विचारा. त्या म्हणाल्या, "वेळ संपली, बाळ." एसटीत मंचरपर्यंत रडले. पुढे रडूही येईना. बाळासाहेब सरांना माझा तळतळाट लागेल. लागू दे.

१३ जून

सरांची दुसऱ्या शाखेत बदली झाली. आज संस्थेचे अध्यक्ष स्वतः घरी आले. दादांना म्हणाले, "गेणभाऊ, पोरगी अ श्रेणीची तुमची. कॉम्प्युटर शिकवायला भाईरचा मास्तर कशाला हुडकायचा? सोमवारपासून धाडा तिला." दादांचे डोळे भरले. आईने चहात साखर जास्त घातली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हो म्हणाले.

सरांच्याही घरी कोणीतरी असंच आलं असेल.