न्हाणीला शहाबादी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

जुळे सोलापूर,
गुरुवार, दि. १३ फेब्रुवारी २०२५

ती. केरामावशी यांस,

सोजरचा वाकून नमस्कार. तुमचा खुबा आता कसा आहे? वॉकर धरून अंगणापर्यंत येता का? इकडे आम्ही दोघं बरी आहोत. यांची शुगर थोडी वाढली होती, गुळपोळी बंद केली.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, बाईंकडं फोन हाय की, कागद कशाला? फोन तीनदा लावला. तिन्ही वेळा तुमच्या अभिमन्यूनं उचलला आणि मी "मावशी जेवतात का नीट" एवढं विचारून ठेवून दिला. म्हणून हिशेबाच्या वहीची पानं फाडून बसले आहे. उत्कर्षा, सासूबाईंना तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. सावकाश वाच. माझं अक्षर दहावीत होतं तसं राहिलेलं नाही.

तुम्ही संक्रांतीला खोली सोडून माढ्याला गेलात, त्याला महिना होईल. खोली अजून दिलेली नाही. दोन कुटुंबं बघून गेली. "न्हाणीचं काम चाललंय" म्हणून मी त्यांना परतवून लावलं. काम कसलं मावशी! शिवलिंगप्पा मेस्त्रीनं टाईल्स उखडून दिल्या आणि नव्या कुठल्या घालायच्या हे माझं ठरेना. दिवसातून दहादा खाली जायचं, उखडलेल्या न्हाणीच्या दारात उभं राहायचं, वर यायचं. एकदा वांगी परतायला टाकून गेले, कढई जळून कोळसा. हे म्हणाले, "अगं, भाड्याच्या खोलीची न्हाणी ती. सिद्धेश्वराचा गाभारा हाय का?"

शेवटी यांना घेऊन विजापूर रोडच्या दुकानात गेले. दुकानदारानं आधी चकचकीत दाखवल्या. मी म्हटलं, त्या नकोत, पाय धरेल अशी दाखवा. मग खरखरीत काढल्या. "काकू, ह्याच्यावर घसरून दाखवा, पैसे परत." मी पिशवीतनं पाण्याची बाटली काढली, चप्पल काढून टाईलवर उभी राहिले. पाण्याला तिनं पाय धरला. मग खोबरेल तेलाची शिशी काढली. तुम्ही शनिवारी डोक्याला तेल लावून न्हाता, ते माझ्या डोक्यात होतं. तेलाला अंगठा सरकला.

दुकानदार म्हणाला, "काकू, आंघोळ घरी करा की."

हे रस्त्याकडं तोंड करून उभे होते, माझ्याबरोबर आलेच नसल्यासारखे.

दुसरी दाखवली ती खवणीसारखी. मी म्हटलं, ही नको, टाचेच्या भेगांना लागेल. तेव्हा हे वळले. "कुणाच्या टाचेच्या? भाडेकरू कोण येणार तेच माहीत न्हाई अजून." मी चप्पल पायात घातली. तेलाची शिशी पिशवीत टाकली आणि रिक्षा केली. मी रिक्षा केली, यावरून समजा.

मागं तुळशीजवळ शहाबादी फरशांची चळत आहे बघा, तुम्ही जिच्यावर गोधड्या आपटायच्या. त्या मूळच्या त्याच न्हाणीतल्या. पंधरा वर्षं होत्या, कुणाचा पाय सरकला नाही. तीन वर्षांपूर्वी खोली बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "बाथरूमला टाईल्स आहेत का?" म्हणून मी त्या काढून पांढऱ्या टाईल्स घातल्या. दुकानात उरलेला माल होता, निम्म्या भावात मिळाला. वहीत मी तेव्हा त्याच्यापुढं "छान काम झाले" असं लिहिलं आहे. काल ते पान उघडून बघितलं.

तर आता शहाबादीच परत घातली. शिवलिंगप्पा म्हणाला, "अक्का, लोक जुनी काढून नवी घालत्यात, तुमचं उलटंच की. भाडेकरू नाक मुरडतील."

"मुरडू देत. तू टाकी मार."

त्यानं प्रत्येक फरशीवर छिन्नीनं बारीक टाके घातले. ढाळ नीट काढला, पाणी कुठं थांबत नाही. मी तेल सांडून, साबण लावून, अनवाणी चालून बघितलं. पाय धरते मावशी.

एवढं लिहून मी उठले होते. कुकर लावला, देवापाशी दिवा लावला, खाली जाऊन फरशी बघून आले. वाळली आहे. आता उठायला काही कारण उरलं नाही.

तुम्ही पडलात त्या दिवशी मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार होता. चार दिवसांआड येणारं पाणी नेमकं त्याच सकाळी आलं. नळाचं ताजं पाणी आधी तुमच्या न्हाणीत येतं, म्हणून घटाचं पाणी मी तिथूनच भरायची आणि त्या न्हाणीत कुणी चप्पल घालायची नाही हा माझा नियम. देवाचं पाणी आहे म्हणून. तुम्ही निळी रबरी चप्पल घालून आत होता. मी सोवळ्यात, कळशी घेऊन दारात. तुम्ही म्हणालात, "बाई, फरशी लई निसरडी हाय. चपलेनं जरा पाय धरतोय."

मी म्हटलं, "पाच मिनिटं काढा की मावशी, घट भरेपर्यंत."

तुम्ही काढलीत. बाहेर येऊन उंबऱ्यापाशी नीट जोडीनं ठेवलीत आणि माझ्या कळशीला जागा व्हावी म्हणून तुमची बादली सरकवायला अनवाणी आत गेलात.

तुम्ही पडलात तेव्हा मी आधी नळ बंद केला. पाणी वाया जाईल म्हणून. मग तुम्हांला हात दिला. हे तुम्ही खाली पडल्या पडल्या बघितलंत, मला माहीत आहे.

तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. अभिमन्यू मार्केट यार्डातनं धावत आला, "आई, कशी पडलीस?" म्हणाला, तर तुम्ही "कुनाचं काय न्हाय रं, माझाच पाय" एवढंच बोललात. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात कळशी तशीच होती आणि मी म्हटलं, "साबणाचं पाणी राहिलं असेल. सकाळी उत्कर्षानं कपडे धुतले होते."

मी कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही, मोजून बोलते, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी एवढंच बोलले.

उत्कर्षा, थांबू नकोस, पुढं वाच. तू आदल्या दिवशी कपडे धुतले होतेस. त्या सकाळी पाणी आलंही नव्हतं, तेव्हा तू माझ्या गॅलरीत बसून माझ्याच पूजेच्या फुलांचा हार करत होतीस. फरशीवर होतं ते नुसतं नळाचं पाणी. साबणाचा थेंब नव्हता.

मला वाटलं, हाड जुळेल, चार दिवसांत लोक विसरतील. रविवारी अभिमन्यू राहिलेला पाट आणि घागर न्यायला आला. चहा घेतला नाही त्यानं. म्हणाला, "काकू, आई सारखी उत्कर्षाची बाजू घेती. म्हणून माझी खात्रीच झाली, हिच्याच हातनं झालंय. पुढच्या सोमवारी, सतरा तारखेला तिला मैंदर्गीला सोडून येतो. राहू दे माहेरी, कळू दे जरा. आईचं करायला ताई येणार हाय." मी दारात उभी होते. पदराला गाठ मारत होते, सोडत होते. तो फाटकातनं गेला आणि मी जाऊन कडी लावून घेतली. तेव्हापासून रोज गुरुवारची पोथी उघडते आणि पहिल्या पानावर बोट ठेवून बसते.

अभिमन्यू, तुझी आई खरं सांगत होती. तुझ्या बायकोनं काही केलं नाही. निसरडी फरशी मी निवडली, चप्पल मी काढायला लावली आणि खोटंही मीच बोलले. सोमवारच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून उद्या सकाळी पोस्टाच्या पेटीत न टाकता हे स्वतः माढ्याच्या गाडीत बसून आणून देणार आहेत. यांना मी रात्रीच सगळं सांगितलं. त्यांनी उठून खुंटीवरची पिशवी काढून दारापाशी ठेवली. मग म्हणाले, "गाडी साडेसातची हाय."

मी येणार होते. तुमच्या खाटेपुढं उभं राहायचं धाडस झालं नाही, हेही लिहून ठेवते.

पूजेच्या पाण्याला अंगणात वेगळी तोटी बसवून घेतली. न्हाणीत आता कुणीही चप्पल घालावी. तुमची निळी जोडी सामानात आली नाही म्हणून तुम्ही शोधली असेल. ती माझ्याकडं होती, कोळशाच्या पोत्यामागं लपवलेली. काल धुतली आणि न्हाणीच्या आत, नळाखाली ठेवली. परत या असं म्हणायचा मला हक्क नाही. पण खोलीवर पाटी लावणार नाही. तुम्ही तिघं "नको" म्हणेपर्यंत ती तशीच राहील.

उत्कर्षा, तू हे मावशींना वाचून दाखवलंस. आता कागद अभिमन्यूच्या हातात दे. त्यानं पहिल्यापासून वाचावं, मोठ्यानं, शेजारची माणसं अंगणात असली तरी. मला पुढं कधी "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणता येऊ नये, म्हणून खाली पूर्ण नाव घालते.

सौ. सोजर मानसिंग गरड