इलेक्ट्रॉन खाली जातो

४ डिसें.
क्लासच्या निवड चाचणीतली गणितं फळ्यावर सोडवली. एक खास माझं : इलेक्ट्रॉन पूर्वेकडे चाललाय, चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे, त्वरण किती, कुठल्या दिशेला? लावण्या उठली. बारावीची, वडील टॉवेलच्या कारखान्यात. "सर, इलेक्ट्रॉन हाय की. मग त्वरण खाली न्हाय का?" म्हटलं, "वर. हात नीट धर." वर्ग हसला. मीही.

५ डिसें.
निवडक बॅचची यादी लागली. लावण्या दोन गुणांनी बाहेर. त्या एका गणितात पाच गेले. घरी ठरलंय म्हणे, या बॅचला लागली तर पुढे शिकायचं, नाहीतर जूनपासून कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायच्या.

७ डिसें.
पोरगी बरोबर. गाढव मी. डावखुरा ना! उत्तरं काढताना पेन डाव्या हातात, म्हणून डाव्या हाताचा नियम उजव्या हाताने लावून पाहिला. वीस वर्षं शिकवतोय. त्वरणाचा आकडा बरोबर, दिशा साफ उलटी. डाव्या हाताने लिहितो म्हणून लहानपणी गुरुजींनी फोडून काढलं, तेव्हा निदान चूक माझी नव्हती.

८ डिसें.
संचालकांना सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. चौकात फ्लेक्स, निवडक तीस जणांचे फोटो. सोलापुरात परीक्षेआधीच अभिनंदन. "तो उतरवू? एका इलेक्ट्रॉनसाठी?" मग हळूच, "पेपर कुणी काढलावता सर?"
उठून तासाला गेलो. मार्चमध्ये माझा करार संपतोय. घाबरलो, दुसरं काही नाही.

११ डिसें.
साध्या बॅचचा तास. लावण्या शेवटच्या बाकावर, हात वर नाही. तास सुटल्यावर वही घेऊन आली. "सर, माझंच चुकत हुतं. आता पाठ केलंय. इलेक्ट्रॉन असला तरी वरच." तेच गणित, आकडे बदलून चार वेळा. चारही ठिकाणी बाण वर. "बघा की सर, बरोबर हाय ना?"
लाल पेन काढलं. टोपण परत लावलं. म्हटलं, वही राहू दे, उद्या देतो.

१२ डिसें.
वही अजून माझ्याकडेच. फुली मारली तर सगळं सांगावं लागेल. बरोबर म्हटलं तर बोर्डातही वरच लिहील. लिहीलच. सरांनी सांगितलंय ना.
सकाळी जिन्यात भेटली. "सर, वही?"
म्हटलं, "घरी राहिली." पिशवीतच होती.